रजिस्टरातला प्रश्न: प्राथमिक आरोग्य केंद्रात संशोधन कशामुळे अडतं, कशामुळे होतं?

घाटमाथा

गेल्या वर्षी होळीच्या दोन दिवस आधी आमच्या केंद्रात जीपमधून एका काकांना आणलं. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा. बंडीच्या खिशात बीपीच्या गोळ्यांची पट्टी होती आणि तीत दोन गोळ्या शिल्लक. पट्टी आमच्याच औषध खिडकीतून दिलेली, दिवाळीच्या आधीची. काका कुटुंबासह दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या कामाला गेले होते. गोळ्या संपत आल्यावर त्यांनी शेवटच्या दोन जपून ठेवल्या, डोकं फार जड झालं तर घ्यायला. १०८ बोलावून त्यांना नाशिकला पाठवलं.

रात्री आमच्या सिस्टरांनी असंसर्गजन्य आजारांचं रजिस्टर काढलं. काकांच्या नावापुढे कार्तिकापासूनच्या रकान्यांत पेन्सिलीने 'बा.गा.' लिहिलेलं होतं, म्हणजे बाहेरगावी. पानं उलटत गेलो तर बऱ्याच नावांपुढे तेच, आणि त्याच महिन्यांत. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, मी तीन वर्षं लिहितेय. कुणी विचारलंच नाही."

मी इथे सहा वर्षं वैद्यकीय अधिकारी आहे. दर महिन्याला त्या रजिस्टरवर सही करते. मीही विचारलं नव्हतं. आणि कारण तर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पेठ, सुरगाण्याकडची माणसं भातकापणी उरकून दिवाळीनंतर निफाड-दिंडोरीच्या बागांत उतरतात ती शिमग्याला परततात. गोळ्या मात्र आपण तीस दिवसांच्या देतो. बागेजवळही सरकारी दवाखाना असतो, पण तिथे जायचं म्हणजे एक रोज बुडवायचा.

म्हटलं, काही पाड्यांवर निघण्याआधीच दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आणि एक कार्ड द्यावं, काही पाड्यांवर नेहमीसारखं चालू द्यावं आणि शिमग्याला सगळ्यांचं बीपी मोजावं. यात परदेशी यंत्र लागत नाही की मोठा निधी. तरी झालं नाही. जादा गोळ्यांना साठा मंजूर नव्हता. माणसांवरच्या संशोधनाला आधी मंजुरी देणारी नीतिसमिती केंद्रात नसतेच, म्हणून एका वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज केला. तिथे आधी मार्गदर्शकाचं पत्र हवं होतं, मग वरिष्ठांची लेखी परवानगी, मग शुल्क. पुढच्या बैठकीची तारीख मिळेपर्यंत माघ उजाडला. माणसं परत यायला लागली आणि मोसम हातचा गेला.

हा धागा काढण्याचं कारण तेच. प्राथमिक स्तरावर काम करणाऱ्यांना, म्हणजे डॉक्टर, सिस्टर, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), आरोग्य सेवक, आशा यांना प्रश्न दिसतात. ते तपासून पाहण्याच्या आड नक्की काय येतं? आणि कुणाला जमलं असेल तर ते कशामुळे जमलं? कृपया स्वतःचा अनुभव लिहा.

---

उंबराखाली

मॅडम, मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, उपकेंद्रावर. 'बा.गा.' वाचून पोटात कालवलं. माझ्या वहीत 'ऊस' लिहिलेलं असतं.

सगळे म्हणतात वेळ नाही. ते खरंच आहे, पण तो वेळ जातो कुठे ते सांगते. सकाळी ओपीडी. मग बीपी-शुगरसारख्या असंसर्गजन्य आजारांचं एनसीडी पोर्टल, फोनवरून डॉक्टरी सल्ल्याचं ई-संजीवनी, साथींच्या नोंदींचं आयएचआयपी, क्षयरोगाचं निक्षय आणि आशाताईंनी घरोघरी आजारांच्या धोक्याबद्दल विचारून भरून आणलेले सीबॅक फॉर्म. एकाच बाईचं नाव, वय, आधार मी तीन ठिकाणी भरते. रेंज नसली की कागदावर लिहून ठेवायचं आणि रात्री घरी बसून चढवायचं. आमचा कामावर आधारित मोबदला आकड्यांवर ठरतो, म्हणून आकडा आधी. "हे असं का होतंय?" या प्रश्नाला रकाना कुठल्याच पोर्टलवर नाही.

माझ्या मते खरी अडचण ही आहे की माहिती नुसती वर जाते, परत येत नाही. मी भरलेल्या माहितीतून माझ्याच गावांची यादी मला हवी असेल तर ती मिळत नाही. म्हणून मी अजूनही शंभर पानी वही ठेवते. ती वही मला कळते.

---

निवृत्त_सेवक

उंबराखाली, बाळा, तू लिहिलंस ते अगदी पटलं. मी हिवताप कार्यक्रमात आरोग्य सेवक म्हणून नोकरी संपवली. पंधरा दिवसांनी घर शिवायचं, ताप असेल त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. त्या काचेचा निकाल नावानिशी आमच्याकडे परत यायचा. पॉझिटिव्ह निघाला की आम्हीच गोळ्या घेऊन जायचो. केंद्राच्या भिंतीवर गावांचा नकाशा होता, त्यात आम्ही शाईने ठिपके द्यायचो. एकदा सगळे ठिपके एका ओढ्याच्या एकाच काठाला जमले, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी सायकल काढली आणि आम्ही दोघं ओढ्याने चालत गेलो. खाली दगडाच्या खाणीत पाणी साचलेलं सापडलं. त्याला संशोधन म्हणतात हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

नकाशा भिंतीवर परत लावा.

---

सावित्रीकाठ

महाडचा उल्लेख अजून कसा आला नाही? आमच्याकडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तांबडा विंचू चावला की पोरं जायची. दंशाच्या वेदनेने नव्हे. विषामुळे शरीरात अशी काही रसायनं उसळतात की रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. घाम, उलट्या, थंडगार हातपाय ही त्याची आधीची चिन्हं. डॉक्टरांनी ती रुग्णाजवळ बसून तासातासाने लिहून ठेवली. १९८२ साली त्यांची ती निरीक्षणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी तोंडाने घ्यायची गोळी यात उतारा ठरते, हे त्यांनी दाखवलं आणि विंचूदंशाने दगावणाऱ्यांचं प्रमाण फार खाली आलं. २०११ साली 'बीएमजे' या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांची चाचणी आली. एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाची लस, म्हणजे विष उतरवणारं इंजेक्शन. लस जोडलेले रुग्ण लवकर सावरले. ही चाचणी महाडमध्येच झाली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

माझ्या लहानपणी आमच्या शेजारच्या मुलीला विंचू चावला होता आणि ती वाचली. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी कागदावरचा नाही.

यातून मला एक गोष्ट दिसते. हा प्रश्न महाडचाच होता. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात तांबड्या विंचवाचे रुग्ण इतक्या संख्येने आणि इतक्या लवकर पोहोचतच नव्हते. जिथे रुग्ण पहिल्या तासात येतो, तिथेच पहिल्या तासाचं ज्ञान तयार होऊ शकतं.

---

खडकवाट

सगळ्यांबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. आमच्या केंद्रात मंजूर दोन डॉक्टरांपैकी एकच आहे. बंधपत्रावरचा, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा करणारा डॉक्टर वर्षभराने जातो. लॅब टेक्निशियन तीन केंद्रांत मिळून एक. सर्पदंशाची लस कधी असते, कधी नसते. अशा ठिकाणी आधी माणसं आणि औषधं द्या, संशोधन त्यानंतर. नाहीतर आधीच वाकलेल्या सिस्टरच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर येईल आणि नाव भलत्याचंच होईल.

एक बावस्कर झाले म्हणून प्रत्येकाने व्हावं ही अपेक्षाही मला चुकीची वाटते. त्यांच्या जिद्दीला नमस्कार. पण यंत्रणा एकेकाच्या जिद्दीवर उभी करता येत नाही.

---

घाटमाथा

खडकवाट, शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. बंधपत्राचा मुद्दा तर फार मोठा आहे. मोसमी प्रश्नाला किमान दोन मोसम लागतात आणि डॉक्टर एकच मोसम असतो. मे महिन्याच्या बदल्यांत तर आख्खं टेबल बदलतं.

पण 'आधी औषधं, मग संशोधन' हे पटत नाही. साठा किती लागेल हे ठरवायलाच तर मोजावं लागतं. मी जादा गोळ्या मागितल्या तेव्हा मला विचारलं, "कशाच्या आधारावर?" माझ्याकडे पेन्सिलीच्या खुणांशिवाय काही नव्हतं.

---

मोगरा

मी गटप्रवर्तक आहे. वीस-पंचवीस आशाताई माझ्याकडे आहेत. आमची बाजूही ऐकून घ्या.

दरवर्षी कुणी ना कुणी सर्व्हेला येतं. कॉलेजची मुलं येतात, संस्था येतात. आशाताई त्यांना घरोघर नेते, भाषा समजावून सांगते, लाजणाऱ्या बाईला बोलतं करते. बाई तिच्या विश्वासावर बोलते. कुणी हिमोग्लोबिन तपासतं, कुणी नको ते प्रश्न विचारतं. मग गाडी जाते ती जाते. सहा महिन्यांनी ती बाई पाणवठ्यावर आशाताईला विचारते, "माझ्या रक्ताचं काय निघालं गं?" आशाताईकडे उत्तर नसतं. पुढच्या वेळी ती बाई दार लावून घेते आणि नुकसान आमच्या लसीकरणाचं होतं.

मला एवढंच म्हणायचं आहे की जो माहिती नेईल त्याने ती गावात परत येऊन सांगावी. ग्रामसभेत सांगा, आरोग्य दिनाच्या दिवशी अंगणवाडीत सांगा, पण सांगा. आणि आशाताईचं नाव घाला. 'स्थानिक कर्मचाऱ्यांचे आभार' एवढ्यावर बोळवण नको.

---

नागझिरा

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यक (कम्युनिटी मेडिसिन) शिकवतो. मोगराताईंनी लिहिलेलं वाचून मान खाली गेली. आमच्या पदव्युत्तर मुलांना प्रबंध सक्तीचा असतो, त्यामुळे विषय हवा असतो आणि मुदत असते. ते तुमच्याकडे येतात ते स्वतःचा प्रश्न घेऊन. तुमचा प्रश्न विचारून घेणारे थोडे. आता जिल्हा निवासी कार्यक्रमात प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्ह्यात काढावे लागतात. त्या काळात 'तुमच्या रजिस्टरात काय खटकतं?' असं सिस्टरांना विचारून विषय ठरवला तर दोघांचं काम होईल. मी माझ्या विभागात हे सुरू करणार आहे, इथे लिहूनच ठेवतो.

आता घाटमाथा यांच्या नीतिसमितीविषयी थोडं तपशिलात लिहितो, कारण इथेच बहुतेकांचा पाय अडकतो. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत छाननीचे तीन मार्ग आहेत. धोका जवळजवळ नसेल तर छाननीतून सूट मिळू शकते. सरकारी आरोग्य कार्यक्रम सुधारण्यासाठीच केलेलं मूल्यमापन, ज्यात व्यक्तीची ओळख उघड होत नाही, ते यात बसू शकतं. धोका अगदी थोडा असेल, उदाहरणार्थ नाव-गाव काढून टाकलेल्या जुन्या नोंदींचा अभ्यास, तर पूर्ण बैठक न भरवता जलद छाननी होते. बाकी सगळं पूर्ण समितीपुढे. मात्र सूट आहे की नाही हे आपलं आपण ठरवायचं नसतं, ते समितीलाच विचारायचं. लोक इथे चुकतात आणि मग नियतकालिक लेख परत पाठवतं.

म्हणून तुमच्या कामाचे दोन तुकडे करा. पहिला, गेल्या तीन वर्षांचं रजिस्टर. कोणत्या महिन्यांत कोण गायब होतं, हे नुसतं मोजायचं. त्याला जलद छाननी पुरावी. दुसरा, काही पाड्यांवर जादा गोळ्या, काहींवर नाही. ही तुलना म्हणजे हस्तक्षेपाची चाचणी झाली. तिला पूर्ण समिती लागणार आणि सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणीही करावी लागणार. माघात पळापळ करण्यापेक्षा अर्ज आषाढात टाका.

समितीवर राग धरू नका एवढी विनंती. तिच्यात बाहेरचा अध्यक्ष, कायदा जाणणारी व्यक्ती, सामान्य नागरिक असे लोक असतात, ते मोगराताईंच्या त्या बाईसाठीच. पण केंद्रातल्या माणसाला समिती गाठायचा रस्ताच नाही, ही तुमची तक्रार खरी आहे आणि हे बदलायला हवं.

---

दूरदेशी

इंग्लंडमध्ये जीपी प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात नर्स आहे, मूळची साताऱ्याची. इकडे संशोधनाला वेगळं जाळं आहे, २०२४ पासून त्याला रिसर्च डिलिव्हरी नेटवर्क म्हणतात. अभ्यासात भाग घेतला तर गेलेल्या वेळाचे पैसे प्रॅक्टिसला मिळतात. रुग्ण शोधणं, संमती घेणं, कागदपत्रं सांभाळणं यासाठी रिसर्च नर्स असते. कोविडमध्ये ऑक्सफर्डने चालवलेली प्रिन्सिपल चाचणी जीपींच्या रुग्णांवरच झाली. माणसं घरी बसूनच त्यात सामील झाली आणि दम्याचं ब्युडेसोनाइड हे औषध पंपाने श्वासातून घेतल्याने वयस्कर रुग्ण काही दिवस लवकर बरे होतात हे २०२१ मध्ये कळलं.

तरीही इकडच्या सहकारी हेच म्हणतात की वेळ नाही, खोली नाही, मॅनेजरला रस नाही. पैशाने अर्धंच काम होतं. आमच्याकडे फरक पडला तो एका ज्येष्ठ नर्समुळे. ती दर गुरुवारी दुपारी अर्धा तास सगळ्यांना बसवायची आणि विचारायची, "या आठवड्यात कशाचं नवल वाटलं?"

---

सावित्रीकाठ

खडकवाट यांच्या मुद्द्यावर परत येतो. यंत्रणा म्हणून जमलेलं उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास मोजायचे, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचं. ३९ गावांत हे केलं, ४७ गावं तुलनेला ठेवली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. आशाताई आज बाळंतिणीकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जातात, ती पद्धत याच कामातून देशभर गेली. मोजणाऱ्या बायका गावच्याच होत्या.

---

मोगरा

आमचं बेचाळिसाव्या दिवसापर्यंतचं फिरणं तिथून आलंय, हे मला आज कळलं. दहा वर्षं मी तो फॉर्म तपासतेय. प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही. उद्याच्या बैठकीत ताईंना सांगते. त्यांना किती बरं वाटेल.

---

खडकवाट

सावित्रीकाठ, गडचिरोलीत संस्था होती, पैसा होता, आयुष्य वाहिलेले दोन डॉक्टर होते. सरकारी केंद्रात यातलं काय आहे? तरी मोगराताईंचा वरचा प्रतिसाद वाचून थोडा थांबलोय. आपण करतो ते काम कुठून आलं हे न सांगताच करून घेतलं जातं, हेही अडथळ्यांच्या यादीत धरायला हवं.

---

नागझिरा

खडकवाट, सरकारी चौकटीत थोडं आहे. आरोग्य संशोधन विभागाची ग्रामीण संशोधन युनिटं आहेत, आपल्याकडे डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात एक आहे. क्षयरोग कार्यक्रमात कार्यात्मक संशोधनासाठी राज्य पातळीवर समिती असते, छोटा निधी मिळतो. जागतिक स्तरावर 'सॉर्ट इट' नावाचं प्रशिक्षण आहे. त्यात कार्यक्रमातल्याच माणसांना स्वतःच्या नोंदींवरून प्रश्न मांडायला, विश्लेषण करायला आणि लेख लिहायला शिकवतात. टप्पा वेळेत पूर्ण केला नाही तर पुढे जाता येत नाही. मला त्यातली ही गोष्ट फार आवडते, कारण एरवी सगळे लेख मसुद्यातच मरतात. मला वाटतं, केंद्रातल्या माणसाला निधीपेक्षा जास्त गरज आहे ती वर्षभर फोन उचलणाऱ्या एका माणसाची. ती जागा महाविद्यालयांनी घ्यायला हवी.

घाटमाथा, मला व्यक्तिगत निरोप पाठवा. रजिस्टरच्या अभ्यासाला आमच्याकडून सहमार्गदर्शक मी राहतो. अट एकच, सिस्टरांचं नाव लेखकांत हवं, आभारांत नको.

---

घाटमाथा

सर, निरोप पाठवला आहे. सिस्टरांना हा धागा मोबाईलवर वाचून दाखवला. लेखकांत नाव येणार म्हटल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग त्या खुणा पेनाने लिहायला हव्या होत्या."

काकांविषयी दोघांनी निरोपातून विचारलं. ते चालतात, हात अजून उचलत नाहीत. यंदा बागेला गेले नाहीत, सून गेली.

---

उंबराखाली

मॅडम, आमच्याकडे दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. मी माझ्या वहीत आत्तापासून नीट रकाने आखायचे म्हणते. म्हणजे पुढे कुणी मोजायचं ठरवलं तर माझी वही तुमच्या वहीला जुळेल. कोणते रकाने घेऊ? फार नको, आठ-नऊच. जास्त असले की माझ्याच्याने भरून होत नाहीत.

---

घाटमाथा

आम्ही हे घेतले आहेत. सिस्टरांनी सांगितले तसेच उतरवते:

नंबर (नाव दुसऱ्या वहीत, ती कपाटात कुलपात). पाडा. निघण्याची तारीख. कुठे जाणार, तालुका पुरे. निघताना किती गोळ्या दिल्या. निघतानाचं बीपी. परतीची तारीख. परतल्यावरचं बीपी, आणि पट्टीत किती गोळ्या उरल्या.

शेवटचा रकाना सिस्टरांनी घालायला लावला. परत येताना रिकामी पट्टी असली तरी घेऊन या, असं प्रत्येकाला सांगायचं आहे.